एका मागात आठ मोटरी: कुठली कशासाठी?

अण्णांचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. साधे यंत्रमाग, टॉवेलचा धंदा, आणि शेडात शिरलं की कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागतं. मे महिन्यात त्यांनी परदेशात वापरून झालेला एक रॅपिअर माग (धोट्याऐवजी चिमटा आडवा धागा ओढून नेतो तो) आणला आणि पॅनलची जोडणी बघायला मला बोलावलं. मी एकेक कव्हर उघडत गेलो तसे ते शेजारी उभे राहून बोटांवर मोजत गेले. आठवर येऊन थांबले.

“काय ओ, हा माग हाय का मोटरीचं दुकान? आमच्या मागाला एक मोटर. एक एचपी. जळली की भरून आणायची आन् परत चढवायची. इथं आठ! त्यात ही एवढीशी, तर हिचीच किंमत सगळ्यांत जास्त. का म्हणून?”

चहा येऊन संपेपर्यंत जे सांगता आलं ते अर्धवटच होतं. उरलेलं इथं लिहितोय, कारण हाच प्रश्न मला गारमेंटवाले विचारतात, डाइंगवाले विचारतात आणि पापड लाटायचं मशीन बनवणारा माझा एक मित्रही विचारतो.

थोडं मागं जाऊ. १८७७ साली सोलापुरात ‘जुनी मिल’ नावाची कापडगिरणी सुरू झाली तेव्हा यंत्रांना मोटर नव्हतीच. त्या काळच्या गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत. छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक यंत्रावर एकेक पट्टा उतरायचा. इंजिन थांबलं की सगळं थांबलं. विजेच्या मोटरी आल्यावर ही शक्ती वाटली गेली आणि एका मागाला एक मोटर मिळाली. तरी त्या मागाच्या आत जुनीच व्यवस्था राहिली. एकच मोटर धोटा फेकते, फणी ठोकते, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) सोडते, कापड गुंडाळते, आणि ही सगळी कामं गिअर, कॅम आणि खटक्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. रॅपिअर मागात ती गाठ सुटली आणि कामागणिक मोटर आली.

आता ही कामं एका स्वभावाची नाहीत. एखाद्या मोटरीला आपण एवढंच सांगतो की बाई, नुसती फिरत राहा. दुसरीला सांगतो, मी म्हणेन त्या वेगानं फिर. तिसरीला सांगतो, मी म्हणेन तिथं जा आणि तिथंच थांब. मोटर निवडताना मी आधी यातला हुकूम कुठला ते विचारतो. एचपी नंतर. बहुतेक लोक उलटं करतात आणि तिथंच फसतात. मीही फसलोय, ते पुढं येईल.

१४४० का, १५०० का नाही?

साध्या मागावरची मोटर ही थ्री फेज इंडक्शन मोटर. बाहेरचा स्थिर भाग स्टेटर, त्यात तांब्याच्या तारेचं वाइंडिंग. आतला रोटर म्हणजे पोलादी पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेला दंडगोल. त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या दांड्या ओतलेल्या आणि दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. रोटरला बाहेरून वायर जात नाही, ब्रश घासत नाही, आत चुंबकही नसतं. बिघडण्यासारखं मुळात फार थोडं.

मग तो फिरतो कसा? तीन फेजांमधला करंट एकापाठोपाठ एक चढतो आणि उतरतो. त्यामुळे स्टेटरच्या पोकळीत एक चुंबकीय क्षेत्र गोल फिरायला लागतं. ते फिरता फिरता रोटरच्या दांड्यांना कापत जातं, दांड्यांत करंट उमटतो, त्या करंटचं आपलं चुंबकत्व तयार होतं आणि रोटर क्षेत्राच्या मागं ओढला जातो. क्षेत्राचा वेग काढायला १२० ला ५० हर्ट्‌झनं गुणायचं आणि पोलांच्या, म्हणजे वाइंडिंगनं तयार होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांच्या, संख्येनं भागायचं. चार पोलांना १५०० आरपीएम, दोन पोलांना ३०००, सहा पोलांना १०००.

पण चार पोलांच्या लहान मोटरीच्या नेमप्लेटवर १४४० च्या आसपास आकडा असतो. उरलेले ६० फेरे कुणी खाल्ले? कुणीच नाही. रोटर मागं पडतो म्हणूनच ओढला जातो. तो क्षेत्राच्या बरोबरीला आला तर दांड्या कापल्या जाणार नाहीत, करंट उमटणार नाही आणि ओढही संपेल. या मागं पडण्याला स्लिप म्हणतात. फणी ठोकताना मागावर झटका आला की रोटर किंचित आणखी मागं पडतो, त्यासरशी जास्त करंट घेतो, जास्त जोर लावतो आणि पुन्हा सावरतो. क्लॅम्प मीटर लावून बघा, आकडा सारखा वरखाली नाचताना दिसेल. कुणी सेन्सर लावलेला नाही, कंट्रोलर नाही, तरी मोटर आपापलं निभावून नेते. निकोला टेस्लाला तिची पेटंटं १८८८ मध्ये मिळाली, आणि पुढच्याच वर्षी मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीनं थ्री फेजवरची पिंजऱ्याच्या रोटरची मोटर बनवली. आज शेडात जी घरघरतेय ती जवळजवळ तीच आहे. मला या मोटरीबद्दल आदर आहे, लपवत नाही.

तिचे तोटेही याच स्वभावातून येतात. स्टार्ट करताना रोटर जागेवर आणि क्षेत्र पूर्ण वेगात असतं. स्लिप शंभर टक्के, म्हणून पहिल्या क्षणी ती नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. मोठ्या मोटरीला आपण स्टार डेल्टा स्टार्टर (आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) लावतो तो यासाठीच. स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांशावर येतो, पण टॉर्कही, म्हणजे शाफ्ट फिरवणारा पीळही, एक तृतीयांशच राहतो. रिकामा सुरू होणारा पंखा तेवढ्यात उचलला जाईल, भरलेला कन्व्हेयर हलणारसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सिंगल फेजिंग. एक फ्यूज उडाला तरी चालती मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर ती दीडपटीहून जास्त करंट ओढत, वेगळाच आवाज काढत फिरत राहते आणि थोड्या वेळानं वार्निश जळाल्याचा वास येतो. कारखानदार म्हणतो मोटर खराब निघाली. बिचारी मोटर शेवटपर्यंत राबत होती. तिन्ही फेजांतलं व्होल्टेज कमीजास्त असलं तरी हीच गत, फक्त संथपणे. साडेतीन टक्क्यांची तफावत मोटरीची तापमानवाढ सुमारे पाव पटीनं वाढवते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि नीट सेट केलेला ओव्हरलोड रिले यांची किंमत मोटर भरायच्या एका खर्चाहून कमी असते. तरीही किती शेडांत ओव्हरलोडचा नॉब ‘सारखा ट्रिप होतोय’ म्हणून शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेला असतो ते मी पाहिलंय.

आणि सोलापूरचा उन्हाळा. बहुतेक मोटरी ४० अंश बाहेरचं तापमान धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ होतं, पत्र्याच्या शेडात त्याहून वर. त्यात टॉवेलच्या सुताची रुई. ती मोटरीच्या पाठीमागच्या पंख्याच्या जाळीवर गोधडीसारखी बसते आणि अंगावरच्या फिन्समधल्या फटी भरून टाकते. वाइंडिंगचं तापमान मर्यादेच्या वर दर दहा अंशांनी चढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे ब्रशनं रुई काढणारं पोरगं हे मोटरीच्या आयुष्याचं मोठं औषध आहे. मोटर घेताना ‘एफ’ क्लास इन्सुलेशन मागा. ते १५५ अंशांपर्यंत टिकतं, ‘बी’ क्लास १३० पर्यंतच.

आता मोटर भरून आणायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवं वाइंडिंग घालायचा विषय. सोलापुरात मोटर भरणारे कारागीर हुशार आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण जुनी तार निघावी म्हणून स्टेटर भट्टीत किंवा टॉर्चनं बेसुमार तापवला तर पत्र्याच्या चकत्यांमधलं पातळ इन्सुलेशन जातं. मग लोखंडातच वीज वाया जायला लागते. मोटर फिरते, माग चालतो, फक्त मीटर जोरात पळतो आणि मोटर जास्त तापते. दोनतीनदा भरलेली मोटर फुकट वापरल्यासारखी वाटते, पण तिचा हप्ता बिलातून जात असतो.

हिशेबच करू. भारतीय मानक आयएस १२६१५ मध्ये मोटरींचे कार्यक्षमता वर्ग दिलेत: आयई २, आयई ३ आणि पुढचे. पाऊण किलोवॅट, म्हणजे अंदाजे १ एचपी, चार पोलांच्या मोटरीची कार्यक्षमता जुन्या आयई १ वर्गात ७२.१ टक्के, आयई ३ मध्ये ८२.५ टक्के. पूर्ण लोडवर पहिली वीजपुरवठ्यातून १.०४ किलोवॅट घेते, दुसरी ०.९१. फरक ०.१३ किलोवॅट. दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ६,००० तासांत एका मोटरीमागं जवळजवळ ७८० युनिट. आपल्या बिलावरचा दर लावून बघा आणि मागांच्या संख्येनं गुणा. मात्र मोटर निम्म्याहून कमी लोडवर चालत असेल तर हा हिशेब इतका गोड येत नाही. ‘असू दे, दीड एचपीच टाका’ ही आपली सवय तिथं नडते.

सिंगल फेजची मोटर ही याच घराण्यातली धाकटी बहीण. एका फेजनं क्षेत्र गोल फिरत नाही, जागच्या जागी मागंपुढं होतं, म्हणून कपॅसिटरनं दुसऱ्या फेजचं सोंग आणायचं. घरघंटी नुसती गुणगुणतेय आणि पुली हातानं ढकलली की चालू होतेय, असं झालं तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. ढकलत बसू नका, बोटं जातात.

वेग हातात आला तेव्हा

पूर्वी वेग बदलायचा म्हणजे पुली बदलायची, नाहीतर डीसी मोटर घ्यायची. डीसी मोटरीचा वेग व्होल्टेज कमीजास्त केलं की बदलतो, सुरुवातीचा जोरही दणकट. पण तिच्या कम्युटेटरवर कार्बन ब्रश घासतात, ठिणग्या उडतात, कार्बनची काळी पूड साचते. कापसाची रुई उडणाऱ्या जागी ठिणगी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मोठ्या कारखान्यांत या मोटरी वर्षानुवर्षं चालल्या. आता नवीन कामाला त्या कुणी फारशा घेत नाही.

कारण व्हीएफडी आला, म्हणजे व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह. सगळे त्याला नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात. तो ५० हर्ट्‌झची वीज घेऊन आधी तिची डीसी करतो आणि मग आपल्याला हव्या त्या हर्ट्‌झची थ्री फेज बनवतो. वरचा हिशेब आठवा. हर्ट्‌झ बदलले की क्षेत्राचा वेग बदलला, आणि रोटर त्याच्या मागं आहेच. तीच स्वस्त इंडक्शन मोटर आता दुसरा हुकूमही पाळायला लागली. शिवाय ती हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरुवातीचा तो सहापट झटका जातो.

याचा खरा पैसा पंखा आणि पंपावर वाचतो. सूतगिरणीत हवा दमट ठेवायला ह्युमिडिफिकेशनचे अजस्र पंखे असतात, आपल्या कोरड्या हवेत तर त्यांच्याशिवाय धागा तुटतच राहील. पंख्याचा वेग ८० टक्के केला तर त्याला लागणारी शक्ती ८० टक्के होत नाही, ५१ टक्के होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पावसाळ्यात हवा आपोआप दमट असते. तेव्हा डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा मिटून पंखा पूर्ण वेगानं पळवणं म्हणजे एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबणं. कन्व्हेयरवर किंवा मागावर हा घनाचा नियम लागू होत नाही, तिथं वेग कमी केला की शक्ती त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे ‘ड्राइव्ह लावला की तीस टक्के वीज वाचते’ असं कुणी सरसकट सांगायला लागला तर आधी विचारा, कशावर?

ड्राइव्हची पथ्यं आहेत. मोटर २० हर्ट्‌झवर तासन्‌तास पूर्ण जोरात चालवली तर तिच्या शेपटीचा पंखाही तेवढाच मंद फिरतो आणि मोटर शिजते. तिथं वेगळ्या पुरवठ्यावरचा पंखा बसवावा लागतो. ५० च्या वर पळवली तर वेग मिळतो, टॉर्क मात्र घटत जातो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यात लांबलचक केबल असेल तर व्होल्टेजचे टोकदार झटके जुन्या वाइंडिंगला फोडतात. तीनदा भरलेल्या मोटरीवर नवाकोरा ड्राइव्ह चढवणं मला पटत नाही.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की त्यांचं एक उदाहरण द्यायलाच हवं. साखर वेगळी करणारं बॅच सेंट्रिफ्युगल मळीतून दाणे काढायला वेगात जातं, थांबतं, रिकामं होतं, पुन्हा भरतं, दिवसभर हेच. वेगात असलेलं ते जड भांडं थांबवताना त्यातली ऊर्जा ब्रेकवर उष्णता म्हणून फेकून देता येते किंवा रिजनरेटिव्ह ड्राइव्हमधून परत लाइनीत घालता येते. थांबवताना मोटर जनरेटर होते. दर काही मिनिटांनी थांबणाऱ्या यंत्राला ही महागडी सोय परवडते, दिवसातून एकदा थांबणाऱ्याला नाही.

गारमेंटमधली ‘सर्व्हो’

सोलापूरचे शाळेचे गणवेश दूरदूर जातात. ते शिवणाऱ्या युनिटमध्ये जुन्या मशिनीखाली क्लच मोटर असते. सकाळी बटण दाबलं की ती पूर्ण वेगात फिरत राहते, शिवण चालू असो नसो. पायडल दाबल्यावर क्लच टेकतो आणि सुई हलते. शिवणाऱ्या ताईंचं हातकाम पाहा. कापड उचलणं, कडा जुळवणं, फिरवणं, धागा तोडणं यातच बराच वेळ जातो. तेवढा वेळ मोटर उगाच घुमत असते.

नव्या मशिनीला दुकानदार ज्याला ‘सर्व्हो’ म्हणतो ती बहुधा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटर असते, सुईची जागा ओळखणाऱ्या सेन्सरसह. रोटरवर कायमची चुंबकं, बाहेर वाइंडिंग. चुंबक कुठं आलंय हे सेन्सर सांगतो आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट योग्य वेळी योग्य कॉइलमध्ये वीज सोडतं. जे काम ब्रश घासून व्हायचं ते आता सर्किट करतं. पायडल दाबलं तरच मोटर फिरते, नाहीतर गप्प. घरातला बीएलडीसी पंखा कमी वीज खातो तो रोटरवरच्या या चुंबकांमुळे. रोटरला चुंबकत्व आयतं मिळालेलं असतं, ते उमटवण्यासाठी करंट खर्च होत नाही.

क्लच मोटर काढून ही बसवणं हा मी आजवर सुचवलेला सगळ्यांत बिनतक्रार बदल आहे. बिल उतरतं, खोलीतली घरघर जाते, आणि सुई वर थांबायची सोय मिळाल्यानं कापड काढताना धागा अडकत नाही. ताईंना हे तिसरं कारण सगळ्यांत जास्त आवडतं.

तिथं जा आणि तिथंच थांब

आता तिसरा हुकूम. इथं दोन उमेदवार, स्टेपर आणि सर्व्हो, आणि यांच्यात गल्लत फार होते.

स्टेपर मोटर टप्प्याटप्प्यानं फिरते. बहुतेक स्टेपर एका फेऱ्याचे २०० टप्पे करतात, एक टप्पा १.८ अंशांचा. कंट्रोलरनं ५० पल्स दिले की शाफ्ट पाव फेरा फिरून थांबतो. मोजायला वेगळा सेन्सर लागत नाही, म्हणून स्वस्त. कमी वेगाला जोर चांगला, थांबल्यावर जागा घट्ट धरून ठेवते. ती धरून ठेवायला करंट चालूच लागतो, म्हणून उभ्या उभ्याही तापते. हात लावून ‘जळाली’ म्हणून घाबरू नका.

तिचा खरा दोष वेगळा आहे. टॉवेल भरायच्या प्लॅस्टिक पिशव्या कापणारं एक मशीन मी जोडून दिलं होतं. रोलर स्टेपरवर, पल्स मोजून पिशवीची लांबी. काही महिने उत्तम चाललं. मग मालकानं माल वेळेत द्यायचा म्हणून वेग वाढवला आणि संध्याकाळी फोन आला, पिशव्या आखूड येताहेत. स्टेपरचा टॉर्क वेग वाढेल तसा झपाट्यानं पडतो. रोलरवर क्षणभर ताण आला की तिचे दोनचार टप्पे सुटतात. आणि सुटले हे ती सांगत नाही. कंट्रोलरला वाटतं ५० गेले, शाफ्ट गेलेला असतो ४६. चूक करून गप्प बसणाऱ्या माणसासारखी. लोड ठरलेला असेल, वेग मध्यम असेल आणि मोटर गरजेच्या दुप्पट ताकदीची घेतली असेल तर स्टेपर वर्षानुवर्षं दगा देत नाही. मी तशी घेतली नव्हती.

सर्व्होत शाफ्टच्या पाठीमागं एन्कोडर, म्हणजे शाफ्ट नेमका कुठं आहे ते सांगणारा सेन्सर, असतो. १७ बिटचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग ओळखतो. ड्राइव्ह सतत विचारत असतो की कुठं जायला सांगितलं होतं आणि कुठं आहेस, आणि फरक दिसला की त्याच क्षणी करंट वाढवतो. अगदीच जमलं नाही तर अलार्म देऊन थांबतो. पिशवी आखूड कापण्याऐवजी मशीन बंद पडतं, आणि धंद्यात हे पुष्कळदा स्वस्त पडतं.

एचपीच्या आकड्यानं मी फसलो ते इथंच. एका पॅकिंग लाइनवर १ एचपीची इंडक्शन मोटर काढून ‘तेवढ्याच ताकदीची’ ७५० वॅटची सर्व्हो बसवली. बेल्ट उचललाच जाईना. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग. १४४० आरपीएमची १ एचपी मोटर सुमारे ५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे शाफ्टला १ मीटरची दांडी लावून टोकाला अर्धा किलो लटकवल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. ७५० वॅटची ठरावीक सर्व्हो ३००० आरपीएमची असते, तिचा टॉर्क २.४ च्या आसपास. शक्ती तीच, पीळ निम्मा. काही क्षण ती तिप्पट टॉर्क देऊ शकते, पण सतत नाही. गिअरबॉक्सचं प्रमाण बदललं आणि लाइन चालली. तेव्हापासून नेमप्लेटवरचा एचपी वाचण्याआधी मी आरपीएम वाचतो.

आता अण्णांची ती एवढीशी मोटर. टॉवेलचे लूप कसे पडतात ते त्यांना मी काय सांगणार, पण वाचकांसाठी सांगतो. टेरी टॉवेलमध्ये उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात, एक जमिनीचा, एक लूपचा. आडवे दोन धागे फणी कापडापासून थोड्या अंतरावरच सोडते. तिसऱ्याला ती पुढं येऊन तिन्ही एकदम ढकलते. जमिनीचे धागे ताणलेले असतात, लूपचे सैल सोडलेले. ते सैल धागे वर उचलले जातात आणि लूप बनतात. लूपची उंची या अंतरावर ठरते.

साध्या मागात हे अंतर कॅम आणि खटक्यांनी ठरतं, आणि डिझाइन बदललं की जॉबर (माग जुळवणारा कारागीर) पाने घेऊन बसतो. या रॅपिअर मागात ते सर्व्हो ठरवते. मिनिटाला ३०० पिक, म्हणजे आडवे धागे, धरले तर एका पिकाला ०.२ सेकंद. तीन पिकांच्या त्या ०.६ सेकंदात मोटरीनं पुढं जायचं, परत यायचं, अचूक थांबायचं, आणि हे दिवसभर, प्रत्येक लूपला. किनार आली की लूप बंद, किनार संपली की चालू. उंची थोडी सरकली तरी टॉवेलचं वजन बदलतं, आणि टॉवेल ग्रॅमवर विकला जातो. पटकन सुरू आणि पटकन थांबायचं तर रोटर स्वतः हलका हवा, म्हणून ती बारीक आणि लांबोडकी. एवढ्याशा अंगात जोर हवा, म्हणून निओडिमियमची चुंबकं. ती चुंबकं, एन्कोडर आणि ड्राइव्ह यांचे ते पैसे आहेत. तांब्याच्या वजनावर तिची किंमत मोजून चालत नाही.

“म्हंजे साध्या मागाला पण सर्व्होच लावू का?”

नको. साधा माग एकाच शाफ्टनं बांधलेला आहे, त्याला कुठं थांबायचंच नाही. तिथं आयई ३ ची चांगली इंडक्शन मोटर पुरते. उलट सर्व्होचा ड्राइव्ह रुई आणि उष्णता सहन करत नाही. पॅनलच्या फिल्टरमध्ये रुई भरली की आधी तो ट्रिप होतो, आणि गेला तर गल्लीतल्या कारागिराकडं भरून मिळत नाही. आठपैकी कशाचा स्पेअर ठेवू, असं अण्णांनी विचारलं तेव्हा मी मोटर सांगितली नाही, ड्राइव्ह सांगितला.

मग आम्ही दोघं मागाभोवती एक फेरी मारून आलो. मुख्य मोटर ड्राइव्हवर. जमिनीच्या बीमला सर्व्हो, लूपच्या बीमला सर्व्हो, कापड गुंडाळणाऱ्या रोलरला सर्व्हो, कारण उभ्या धाग्याचा ताण बीम रिकामा होईल तसा सांभाळावा लागतो. टेरीची ती एवढीशी. आडवा धागा गुंडाळून ठेवणाऱ्या दोन फीडरमध्ये दोन लहान मोटरी, धागा संपत आला की वेग घेणाऱ्या. सात झाल्या.

आठवी मागाच्या पोटाशी होती, तेलाच्या पंपावर. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, खिशातला रुमाल काढून नेमप्लेट पुसली आणि मोठ्यानं वाचली. थ्री फेज, इंडक्शन, चार पोल.

“हिला वळखतो की मी,” म्हणाले, आणि तिच्या जाळीवरची रुई बोटानं काढायला लागले.